दिगूची तांब्याची गोळी

दिगंबर गेल्याचं मला व्हॉट्सॲपवरून कळलं. विस्कॉन्सिनमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात लिलाव होता. मी एका लेथ मशीनसमोर उभा राहून समोरच्या गोऱ्याला ते मशीन किती टाकाऊ आहे हे पटवून देत होतो, म्हणजे ते मलाच घेता यावं. खिशातला फोन सारखा थरथरत होता. आमच्या मिनेसोटाच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणाच्या तरी मुलीचं अरंगेत्रम असेल असं समजून मी दुर्लक्ष केलं. मग पाहिलं तर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागलेली. ओम शांती, ओम शांती, रेस्ट इन पीस काका. वर सरकवत सरकवत गेलो तेव्हा मूळ निरोप सापडला. ‘ईडन प्रेरीचे आपले सर्वांचे लाडके दिगंबरकाका...’ पुढचं वाचवलं नाही. लेथ तिथेच सोडलं, गाडीत येऊन बसलो आणि फोन मागच्या सीटवर फेकला. पंचवीसेक वर्षांचा मित्र, आणि त्याच्या जाण्याची बातमी मला चारशे लोकांच्या रांगेत उभं राहून मिळावी? रडू नंतर आलं. आधी संताप आला. तो संताप अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शोकसभेच्या आदल्या दिवशी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. “सुभाषदादा, तुम्ही बोलाच, पण ते शिकारीबिकारीचं नको हं. लहान मुलं असतात. आणि शैलावहिनींचीही तशीच इच्छा आहे.” शैलावहिनी म्हणजे दिगूची बायको. मी म्हटलं, मग मी काय बोलू? तो गणपतीत टाळ्या छान वाजवायचा असं? त्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही लगेच चिडता.” मी सभेत बोललो नाही. शेवटच्या ओळीत बसून ऐकलं. एकाने दिगूला शुद्ध शाकाहारी करून टाकलं. दुसऱ्याने तो मुंगीसुद्धा मारत नसे असं सांगितलं. अरे, ज्या माणसाच्या गॅरेजमध्ये हरणाची शिंगं टांगलेली होती आणि ज्या गॅरेजमध्ये तुम्ही सगळे दरवर्षी कोजागरीचं दूध प्यायलात, त्या माणसाबद्दल बोलताय! कॉफीपर्यंत थांबलो असतो तर कुणाची तरी कॉलर धरली असती, म्हणून निघालो. तिथे जे बोलू दिलं नाही ते इथे, या पुरवणीत लिहितो.

खरी गोष्ट अशी की दिगू विकतचं मटण खात नसे. आयुष्यात कधीच नाही. तो म्हणायचा, “जे जनावर मी पाहिलं नाही, ते माझ्या ताटात कशाला?” स्वतः मारलेलं खायचा, आणि ते वर्षाला एखादंच. नागपूरचा, डावा खांदा जरा वर उचलून चालणारा, हडकुळा माणूस. शरीरात बसवायची वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या इथल्या एका कंपनीत तो तपासणी खात्यात होता. दुसऱ्याच्या वस्तूतला दोष शोधून काढणं हेच त्याचं काम. आमची ओळखही त्यातूनच झाली. मी इचलकरंजीचा डिप्लोमावाला फिटर. इथे नोकरीवर आलो, नोकरी गेली, मग बंद कारखान्यांतली जुनी यंत्रं घेऊन विकायला लागलो. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एक प्रेस त्याच्या कंपनीला विकत होतो. हा माल बघायला आला. बॅगेतून लाल रंगाची बाटली काढली, प्रेसच्या सांध्यावर रंग लावला, थांबला, पुसला, वर पांढरी पूड फवारली. केसाइतकी बारीक लाल रेघ उमटली. तड.

“तुम्हाला माहीत होतं?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “आईशपथ नाही.”

माझ्याकडे काही क्षण बघून तो म्हणाला, “ठीक. आता माहीत झालं.” आणि रंगाची बाटली मलाच देऊन गेला. त्या गोऱ्या कंपनीत माझ्यासारख्या अनोळखी विक्रेत्याचा शब्द त्याने जसाच्या तसा घेतला. तेव्हापासून माझ्या धंद्यात एकच नियम आहे. भावावरून भांडा, शिव्या द्या, टेबल आपटा, उठून निघून जा आणि परत या... पण मशीनची तड लपवायची नाही. हा नियम मला दिगूने शिकवला. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी तक्रार इथूनच सुरू होते.

शिकारीचा नाद त्याला कंपनीतल्या लोकांमुळे लागला आणि मला त्याच्यामुळे. मिनेसोटात हरणाचा मोसम आला की अर्धी ऑफिसं ओस पडतात, त्यात आम्हीही असायचो. पण त्याच्या डोक्यात हरीण कधीच नव्हतं. त्याला डोंगरातला मेंढा हवा होता. रॉकी पर्वतातले ते रानमेंढे, कानशिलाभोवती पूर्ण वेटोळं घेतलेल्या शिंगांचे, जिथे माणसाचा पाय ठरत नाही तिथे आरामात रवंथ करणारे. त्यांच्या शिकारीचा परवाना दुकानात मिळत नाही. सरकार सोडत काढतं, हजारो लोक अर्ज करतात आणि बहुतेकांचं नाव जन्मभर निघत नाही. दिगू दरवर्षी मोंटानाचा अर्ज भरायचा आणि दरवर्षी नकार यायचा. मग एका जूनमध्ये त्याचा फोन आला.

“सुभ्या, लागला बे!”

“काय लागला?”

“मेंढा!”

“गाडीला?”

त्याने मला नागपुरी भाषेत जे काय म्हटलं ते पुरवणीत छापता येणार नाही. तो इतका हसत होता की त्याला धाप लागली होती. त्या वेळी मला वाटलं, हसण्यामुळे.

पुढचा सगळा उन्हाळा एका प्रश्नात गेला... गोळी कुठली घ्यायची? बाहेरच्या माणसाला वाटेल, दुकानात जायचं आणि काडतुसांचा डबा घ्यायचा, त्यात काय एवढं! माझंही मत तेच होतं. एक दुकान बंद होत होतं. मालकाशी घासाघीस करून मी त्याच्याकडचा एक अख्खा खोका उचलला. शिशाच्या मऊ टोकाची, वजनदार, लांब पल्ल्याची काडतुसं, दोन जन्म पुरतील एवढी. दिगूच्या दारात नेऊन ठेवली. त्याने खोक्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला जुनी चप्पल भेट दिली होती. “ह्या रायफलला ही आवडतात का ते विचारलंस?” मी म्हटलं, रायफल काय सून आहे का, आवडीनिवडी विचारायला? पण त्याचं म्हणणं खरं होतं. एकाच मापाची दोन कंपन्यांची काडतुसं एकाच नळीतून सारखी जात नाहीत. कुठली जवळजवळ पडतात हे कागदाच्या निशाणावर मारूनच कळतं. त्याने वेगवेगळ्या काडतुसांचा एकेक डबा आणला आणि परीक्षा सुरू केली.

त्याची पद्धत अशी की दिवसाला एकच गोळी. रेंजपर्यंत चाळीस मिनिटं ड्राइव्ह करायचं, एक गोळी मारायची, घरी परत. “डोंगरात पहिलीच गोळी मिळते बे. तापलेल्या नळीतून दहावी कशी जाते ते घेऊन काय करू?” शिवाय सप्टेंबरात डोंगरावर पहाटे पाणी गोठतं आणि थंडीत काडतुसातल्या दारूचा जोर कमी होतो, म्हणून काडतुसं फ्रीझरमध्ये. शैलावहिनींच्या मटारच्या पिशव्या आणि खोवलेल्या नारळाच्या डब्यांमध्ये काडतुसांचे डबे. तिथून आइसबॉक्समध्ये घालून रेंजवर. वहिनी मला म्हणाल्या होत्या, “भाऊजी, एक दिवस ह्याच्या नादात उसळीत गोळी निघेल.” तेव्हा त्या माझ्याशी बोलत होत्या.

कागदावर भोक पडणं वेगळं आणि जनावराच्या अंगात गोळी काय करते ते वेगळं. ते बघायला ओल्या कागदाचे गठ्ठे लागतात. मंडळाच्या न खपलेल्या स्मरणिका माझ्या गोदामात वर्षानुवर्षं पडून होत्या. कुणी नेत नव्हतं, टाकूही देत नव्हतं. आम्ही त्या पिंपात भिजवल्या, ट्रकमध्ये घातल्या आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या खडीच्या खाणीत नेऊन रचल्या. जवळून पहिली मारली ती माझी, शिशाची. अध्यक्षांचं मनोगत, सेक्रेटरीबाईंचा अहवाल, तीन कथा आणि रंगीत जाहिराती यांच्या चिंधड्या झाल्या. दिगूने ओल्या लगद्यात बोटं घातली आणि राखाडी कण काढून माझ्या तळहातावर ठेवले. “हे मांसात राहतं. आपण खातो. आणि आपण जे डोंगरावर टाकून येतो, आतडी-बितडी, ते गरुड खातात. थोडंसं शिसं पुरतं त्यांना. मान टाकतात.” मग त्याने तांब्याची मारली. ही पूर्ण तांब्याची गोळी, वजनाने हलकी, आत शिसं नाहीच. ती पाकळ्या उलगडलेल्या फुलासारखी अखंड निघाली. एकही कण सुटलेला नव्हता.

“झालं मग,” मी म्हटलं, “हीच घे आणि ही कटकट संपव.”

“थांब.” त्याने गठ्ठा खाणीच्या पार टोकाला नेऊन रचला. इतक्या लांबून तांब्याची गोळी स्मरणिकांमधून सळईसारखी आरपार गेली. उमललीच नाही. तांब्याला वेग लागतो. पल्ला वाढला, वेग मंदावला की ती मिटलेलीच राहते. शिसं मऊ, ते लांबूनही पसरतं. म्हणजे सौदा सरळ होता. शिसं घेतलं तर पलीकडच्या कड्यावरून मारता येतं. तांबं घेतलं तर डोंगर चढून जवळ जावं लागतं, नाहीतर मेंढा जखमी होऊन दरीत कुठेतरी दोन दिवस मरत पडतो.

मी तिथेच भाव करायला बसलो. “चारशे यार्ड.”

“तीनशे.”

“साडेतीनशे. अबे, साडेतीनशेला काय होतंय?”

“तीनशे. हा बाजार नाही, सुभ्या.”

“आपली वयं बघ! वर काय लिफ्ट आहे का?”

“म्हणून तर तीनशे,” तो म्हणाला. “जेवढं चालवेल तेवढंच मारायचं.”

त्या वाक्यावर मी तीनशे मान्य केले. मला ते फार मोठं वाटलं. आज आठवलं की त्याचं तोंड फोडावंसं वाटतं. कारण हे बोलण्याच्या आठवडाभर आधी तो हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. झडप खराब झालेली होती, लवकर ऑपरेशन करा असं सांगितलं होतं, आणि याने डॉक्टरशी घासाघीस करून ते हिवाळ्यावर ढकललं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे बघा, ज्याने चढायलाच नको होतं त्याने चढायला लावणारी गोळी निवडली. आणि मी, जन्मभर समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचा शेवटचा भाव ओळखणारा माणूस, त्या खाणीत उभा राहून त्याच्याशी पन्नास यार्डांवरून हुज्जत घालत होतो.

मोंटानात आम्ही तंबू ठोकला तेव्हा त्याने खुणा ठरवल्या. मेंढ्यांच्या शिकारीत एकजण समोरच्या उतारावर थांबून मोठ्या दुर्बिणीतून जनावरावर नजर ठेवतो आणि दुसरा चढतो. चढणाऱ्याला खडकांमुळे मेंढा दिसत नाही, म्हणून खालच्याने खुणा करायच्या. आमच्याकडे केशरी टोपी होती. टोपी डोक्याच्या वर हलवली की वर चढ. बाजूला धरली की त्या बाजूला सरक. खाली घातली की थांब, मेंढा बघतोय. मी म्हटलं, “आणि तू मला काय सांगणार? दमलास तर?”

“दमलो तर बसेन,” तो म्हणाला. “बसलेला माणूस दिसतोच की.”

मेंढा सापडायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत दिगू हळू चालायचा. मी पुढे जाऊन उभा राहायचो आणि त्याला टोमणे मारायचो, “काय रे, वरात आहे का?” तो म्हणायचा, “घाईने मेंढे पळतात.” हेही मी खरं मानलं, कारण घाई न करणं हा त्याचा स्वभावच होता. मग एका सकाळी समोरच्या कड्यावर, उन्हात, तो म्हातारा मेंढा बसलेला दिसला. शिंगांची टोकं झिजलेली, छातीवर ऊन. मी अंतर मोजायचं यंत्र लावलं. तीनशेच्या कितीतरी पुढे. पण माझ्या शिशाच्या गोळीने, दगडावर रायफल टेकवून, वारा पडलेला असताना जमण्यासारखं होतं. माझ्या पिशवीत ती काडतुसं होती. त्याच्यापुढे धरली.

“घे. आणि मार इथूनच.”

“मी ह्या रायफलमध्ये ही लांबून कधी तपासली नाहीत.”

“अरे, तो उठून गेला तर? परत नाव निघणार आहे का तुझं?”

“गेला तर गेला,” तो म्हणाला आणि रायफल पाठीला लावून दरीत उतरला.

मी दुर्बिणीला डोळा लावून बसलो. तो ओढा ओलांडून पलीकडे चढायला लागला. थोडा चढला आणि बसला. मला वाटलं, वारा बघतोय. पुन्हा चढला, पुन्हा बसला. मेंढा उठून आळस देत होता, आता निघेल असं वाटत होतं आणि हा खडकाला पाठ टेकून बसलेला! मी टोपी वर हलवली. चढ. तो उठला. चार पावलं गेला आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकला, मग बसला. मी उभा राहून दोन्ही हातांनी टोपी हलवली. चढ, चढ की लेका! इकडे माझ्या तोंडात शिव्या होत्या. तो मान वर करून माझ्या टोपीकडे बघायचा, आणि उठायचा. प्रत्येक वेळी उठला.

गोळी सुटलेली मला आवाजाच्या आधी दिसली. मेंढा जागच्या जागी खाली बसला आणि पुन्हा हलला नाही. मी धावतपळत दरी ओलांडून वर गेलो तेव्हा दिगू मेंढ्याशेजारी बसला होता, शिंगावर हात ठेवून. ओठ निळसर झाले होते. मी म्हटलं, काय रे? म्हणाला, “थंडी.” मग खिशातून डोंगरासाठी घेतलेला काडतुसांचा नवा डबा काढला आणि उडवलेल्या काडतुसाचं रिकामं पितळ त्याच्या खोबणीत उलटं घातलं. ही त्याची सवय. मारलेलं काडतूस तो कधी टाकत नसे, डब्यात परत, तोंड खाली करून, म्हणजे किती भरलेली आणि किती रिकामी ते डबा उघडताच दिसावं. गोळी कुठे लागली ते त्याने मला दाखवलं. दोन बोटं जातील एवढीच जागा. “एका श्वासात गेला बे,” तो म्हणाला. तो स्वतः मात्र एका वाक्याला दोन-तीन श्वास घेत होता.

मांस खाली आणायला मी कितीतरी फेऱ्या मारल्या. त्याने फक्त रायफल आणली. “तू लई तगडा आहेस, सुभ्या. आपल्या वयाच्यांत असा गडी नाही.” आणि मी फुगलो! जगातल्या कुठल्याही दलालाच्या स्तुतीला न भुलणारा मी, त्या दोन वाक्यांवर फुगून पुढची फेरी मारायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तंबूतून पाहिलं तर कड्यावर, जिथे आतडी टाकली होती तिथे, सोनेरी मानेचा एक मोठा गरुड उतरला होता. ओढत, तोडत, पोटभर खात होता. दिगूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बघ. सेफ आहे तो.” त्या गरुडाची त्याला केवढी काळजी! गरुडाला काही होऊ नये म्हणून जो माणूस डोंगर चढतो, त्याला खाली टोपी हलवत बसलेल्या मित्राला दोन शब्द सांगावेसे वाटले नाहीत?

हिवाळ्यात ऑपरेशन झालं. मला फोनवर म्हणाला, “किरकोळ काम आहे, सर्व्हिसिंग.” भेटायला गेलो तर उशीला टेकून हसत होता. घरी आला, मग पुन्हा दाखल झाला, आणि बर्फ वितळायच्या सुमारास गेला.

शेवटच्या दर्शनाला फ्युनरल होममध्ये त्याची मुलगी मृण्मयी मला भेटली. इथेच जन्मलेली, ॲन आर्बरला शिकून तिथेच नोकरी करणारी शांत मुलगी. गळ्यात पडून रडली आणि मग म्हणाली, “काका, डॉक्टरने सर्जरी ट्रिपच्या आधी सांगितली होती. बट यू न्यू, राइट? डॅडने तुम्हाला सांगितलं होतं ना?” मला कळेना ती काय बोलतेय. मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी नजर उचलली.

“तुमच्या भरवशावर पाठवलं मी,” त्या म्हणाल्या. “ह्याने सांगितलं, सुभाषला सगळं ठाऊक आहे, तो दुर्बिणीतून डोळा काढणार नाही, जरा दमलो की खाली बोलावेल. म्हणून हो म्हटलं. तुम्हाला तो बसलेला दिसला नव्हता?”

दिसला होता. एकदा नाही, किती वेळा. मी म्हटलं, “दिसला होता वहिनी, पण मला...” आणि त्यांनी मान फिरवली. पुढचं त्यांनी ऐकलं नाही. तेव्हापासून त्या माझा फोन उचलत नाहीत.

आता माझी तक्रार समजली? दिगूने माझ्यापासून तड लपवली, ते एक झालं. एखाद्याला आपलं दुखणं सांगावंसं वाटत नाही, मी समजू शकतो. पण त्याने बायकोसमोर मला जामीन ठेवलं, मला न विचारता. तिकडे तिला सांगितलं, सुभाष सांभाळेल. इकडे मला सांगितलं, दमलो तर बसेन. दोन्हीकडून होकार मिळवला आणि डोंगर चढला. मी शेकडो सौदे केलेत, पण दोन पार्ट्यांना असं सफाईने गुंडाळलेलं पाहिलं नाही. सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, दिगू? एक तर तुला जाऊच दिलं नसतं, किंवा ती शिशाची काडतुसं तुझ्या नळीत जबरदस्तीने घातली असती. गेला असता एक गरुड! आणि हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू सांगितलं नाहीस. मला चढ-चढ अशी टोपी हलवायला लावलीस. त्या टोपीचं मी आता काय करू?

वहिनी, ही पुरवणी तुमच्याकडे येते. तुम्ही हे वाचाल की पान उलटाल, ठाऊक नाही. तरी चारचौघांत सांगतो. मला माहीत नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवायचा तर दिगू तुमच्याशी खोटं बोलला हे मानावं लागतं, आणि मला दोष देणं त्यापेक्षा सोपं आहे, हेही मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होत नाही. पहिल्या भेटीत त्याने मला विचारलं होतं, तुम्हाला माहीत होतं का, आणि मी नाही म्हटल्यावर त्याने ते मानलं होतं. तेवढंच मागतोय.

गेल्या महिन्यात मृण्मयी आली होती. देसी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये भेटू म्हणाली, घरी बोलावणं तिलाही जमलं नसावं. कारच्या डिकीतून तिने एक पिशवी काढून दिली. “आईला हे घरात नको आहे. आय डिडन्ट नो हू एल्स टू गिव्ह इट टू.” आत तांब्याच्या काडतुसांचा तो डबा होता. मी न बघता म्हटलं, “मला कशाला? फेकून दे.” ती म्हणाली, “काका, यू आर मॅड ॲट हिम. सो ॲम आय.” आणि पिशवी माझ्या हातात सोडून गेली. तो डबा आता माझ्या यार्डाच्या ऑफिसात, खिडकीच्या कट्ट्यावर आहे. आत भरलेल्या काडतुसांच्या रांगा आहेत, आणि कोपऱ्यात एक रिकामं पितळ, तोंड खाली करून.

परवा एक शेतकरी जुना कॉम्प्रेसर बघायला आला होता. रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा, शिकारी. भावावर अडून बसला होता, मीही अडून बसलो होतो. मध्येच त्याचं लक्ष डब्याकडे गेलं. विचारलं, ही तांब्याची कशी आहेत? त्याला म्हणे कधीतरी डोंगरातला मेंढा मारायचा होता, दरवर्षी अर्ज करतो. मी डबा उघडला आणि सांगायला लागलो. शिशाचे कण कसे मांसात राहतात, गरुड कसे मरतात, रायफलला काय आवडतं ते आधी कसं बघायचं, पहिलीच गोळी का महत्त्वाची. कॉम्प्रेसर बाजूला राहिला. दिगूची वाक्यं, दिगूच्याच क्रमाने, माझ्या तोंडून निघत होती. मेला तरी मला फुकटात आपला सेल्समन करून गेला!

“लांबून चालत नाही मग ही?” त्याने विचारलं.

“नाही. जवळ चढून जावं लागतं.”

“आणि तेवढं चढवत नसेल तर?”

“तर बरोबरच्या माणसाला सांगायचं,” मी म्हणालो. “निघायच्या आधी सांगायचं!”

तो माणूस एक पाऊल मागे सरकला. मी ओरडलो होतो हे मला नंतर कळलं. त्याची माफी मागितली, कॉफी दिली, कॉम्प्रेसर त्याने सांगितलेल्या भावात देऊन टाकला. तो गेल्यावर डब्याचं झाकण लावायला गेलो. हातात ते रिकामं पितळ होतं. बोलता बोलता कधी काढलं होतं, कुणास ठाऊक... त्याच्या खोबणीत परत ठेवलं. उलटं.